मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही? ‘लक्ष दे’ म्हणणं थांबवा आणि या क्रमाने जा

पहिली-दुसरीच्या वर्गावर माझी बरीच वर्षं गेलीत, आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र सगळ्या चुका आधी करून मग शहाणपण आलं. पालक भेटले की तोच प्रश्न, ‘हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही, काय करू?’ आणि तोवर करून झालेलं पण तेच: आधी ओरडणं, मग क्लास लावणं, मग मोबाईल काढून घेणं, मग मोठ्या बक्षिसाचं आमिष, आणि सगळं करून थकल्यावर कधीतरी डोळ्यांची तपासणी. म्हणजे जे पहिल्यांदा करायचं ते शेवटी. खाली लिहिलंय ते साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. टप्पे उड्या मारून केले तर काय चाललं आणि काय नाही चाललं हे कळतच नाही, मग वाटतं ‘सगळं करून बघितलं’.

## टप्पा १: सात दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहून ठेवा

एक छोटी वही घ्या. रोज घरच्या अभ्यासाच्या वेळी लक्ष सुटलं की पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, कुठलं काम होतं, त्याच्या बरोबर आधी काय झालं, मूल काय करायला लागलं, आणि कशाने परत कामावर आलं. बस्स. सल्ला नाही, टोमणा नाही, सुधारणा नाही, आठवडाभर जीभ आवरायची (हा भाग सगळ्यात अवघड).

नोंद कशी लिहायची ते सांगते. ‘आज पण टाइमपास केला’ ही नोंद नाही, ते आपलं मत झालं. नोंद अशी: ‘सव्वासहा. बेरजा. चार बरोबर केल्या, पाचवी हातच्याची आली, पेन्सिलला टोक करायला उठला, टोक असूनसुद्धा. मी शेजारी बसून पहिला अंक विचारला, परत सुरू.’ आता हे वाचून बघा. हा मुलगा बेरजांना कंटाळला नव्हता, हातच्याला घाबरला होता. पेन्सिलचं टोक हा नुसता पळून जायचा दरवाजा. अशा दोन-तीन नोंदी सापडल्या की अर्धं काम तिथेच होतं, कारण ज्याला आपण लक्ष नसणं म्हणतो त्यातलं बरंचसं ‘मला हे येत नाही आणि सांगायची लाज वाटते’ असं असतं.

सोबत एक आकडा काढा. न आवडणाऱ्या पण येणाऱ्या कामात मूल सलग किती मिनिटं टिकतं, ते तीन वेगवेगळ्या दिवशी घड्याळ लावून मोजा, मुलाला न सांगता. वयाला अमुकने गुणा वगैरे सूत्रं फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका, तुमच्या मुलाचे खरे सहा मिनिटं असतील तर सहा, तिथूनच सुरुवात.

सावधान: ‘व्हिडिओ तासभर बघतो की, म्हणजे लक्ष आहे’ हा पुरावा धरू नका. तिथे दर काही सेकंदाला चित्र बदलतं आणि लक्ष ओढून धरायचं काम स्क्रीन करते. वर्गात ते काम मुलाला स्वतः करावं लागतं, दोन्ही वेगळी कामं आहेत.

चेक: आठवड्याच्या शेवटी हे वाक्य पूर्ण करता येतंय का बघा: ‘माझ्या मुलाचं लक्ष साधारण ___ वाजता, ___ काम असताना, ___ झाल्यावर सुटतं.’ जमत नसेल तर अजून तीन दिवस लिहा, पुढे जाऊ नका.

## टप्पा २: डोळे, कान, झोप, पोट

हा टप्पा लोक वगळतात कारण ‘त्याला काही त्रास नाही, तो कधी बोलला नाही’. अहो, ते कसं बोलणार? ज्याला जन्मात फळा स्वच्छ दिसलाच नाही त्याला वाटतं सगळ्यांना असाच दिसतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सतत शेजारणीच्या वहीत डोकावायची, मी दोनदा तिची जागा बदलली आणि एकदा चांगलंच रागावले. तिसऱ्यांदा तिला फळ्यापासून हातभर अंतरावर आणून उभं केलं, तर भराभर वाचलं. ती कॉपी करत नव्हती, फळ्यावरचं वाचायला तिला दुसरी जागाच नव्हती. चष्मा लागला आणि ‘चंचलपणा’ महिन्याभरात निम्म्यावर आला. ते रागावणं मला अजून टोचतं.

डोळे: डोळे बारीक करून बघणं, मान तिरकी करणं, टीव्हीला चिकटून बसणं, वाचताना डोकं दुखणं, यातलं काही नसलं तरी एकदा रीतसर तपासणी करून घ्या.

कान: सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि काही आठवडे ऐकू कमी येतं, कधी बरं कधी वाईट, म्हणून घरच्यांना वाटतं ‘हवं तेव्हा ऐकतो’. घरी एवढं करा: मागे हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजत ओळखीचे शब्द म्हणा आणि परत म्हणायला सांगा. चुकत असेल तर डॉक्टरकडे. बरोबर आलं तरी शंका असेल तर जाच, ही काही खरी तपासणी नव्हे.

झोप: ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये सांगितलंय. आता सकाळी उठायच्या वेळेपासून उलटे तास मोजा. सहाला उठवायचं असेल आणि मूल सव्वादहाला झोपत असेल तर पावणेआठ तास होतात, आणि मग आपण त्याला म्हणतो लक्ष दे. मोठं माणूस कमी झोपलं की पेंगतं, लहान मूल बऱ्याचदा उलट जास्तच उड्या मारतं, म्हणून पटकन ओळखू येत नाही. झोपायची वेळ एकदम तासभर अलीकडे ओढू नका, पडून नुसतं लोळेल आणि भांडण होईल. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं. आणि रोज घोरणं, तोंडाने श्वास, रात्री घामाघूम होणं असं असेल तर झोप मोजूनही उपयोग नाही, टॉन्सिल-अडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) वाढलेत का ते डॉक्टरांना बघू द्या.

पोट: उपाशी जाणारं मूल पहिल्या सुट्टीपर्यंत घड्याळाकडे बघतं. आणि दुसरी गोष्ट कुणी विचारतच नाही, शू. शाळेतलं बाथरूम आवडत नाही किंवा विचारायची भीती वाटते म्हणून धरून बसणारी मुलं भरपूर असतात, ती शेवटच्या दोन तासांत चुळबुळ करतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही. घरी आल्या आल्या बाथरूमकडे धाव असेल तर समजा. साखरेला मात्र उगाच दोष देऊ नका, साखरेने मुलं चंचल होतात हे अनेक चाचण्या एकत्र करून तपासलं होतं, १९९५ मध्ये छापून आलं, आणि तसा परिणाम दिसला नाही.

सावधान: रक्त कमी असेल म्हणून लोहाचं औषध मनानेच सुरू करू नका, लोह जास्त झालं तर लहान मुलांना ते घातक असतं. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढं.

सावधान, हे जास्त महत्त्वाचं: मूल बोलता बोलता किंवा खाता खाता मध्येच काही सेकंद थिजतं, डोळे एका जागी, हाक मारली तरी नाही, हात लावला तरी नाही, मग काही झालंच नाही असं पुढे चालू, आणि दिवसातून असं बऱ्याच वेळा होतं, तर हे दिवास्वप्न नसेल. फिट येण्याचा हा एक प्रकार आहे, त्यात हातपाय झटकत नाहीत त्यामुळे घरी आणि वर्गात दोन्हीकडे निसटतो. शक्य झालं तर मोबाईलवर शूट करा आणि बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

## टप्पा ३: शिक्षकांशी दहा मिनिटं, पण तयारी करून

गेटवर, बाकी पालकांच्या घोळक्यात, मुलाचा हात धरून ‘काय मॅडम, कसा आहे आमचा?’ असं विचारू नका. उत्तर एकच येतं, ‘हुशार आहे पण बडबड करतो.’ वेळ मागून घ्या, मूल सोबत नको, टप्पा १ ची वही न्या आणि एवढंच विचारा:

१. दिवसातल्या कुठल्या तासाला जास्त सुटतं आणि कुठल्या तासाला अजिबात सुटत नाही? (दुसरा अर्धा भाग विसरू नका, किल्ली तिथेच असते.)
२. बसायला कुठे आहे, शेजारी कोण?
३. ऐकताना सुटतं, लिहिताना सुटतं, की एक काम संपून दुसरं सुरू होताना?
४. तुम्ही काय केलं की परत येतो?
५. वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वयाने लहान आहे का?

पाचवा प्रश्न फालतू वाटेल, पण पाच वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा केवढा मोठा तुकडा. अमेरिकेत २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला, जिथे प्रवेशाची तारीख १ सप्टेंबर धरतात तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांना एडीएचडीचा (लक्ष टिकवणं आणि चुळबुळ आवरणं फार अवघड जातं, त्या विकाराचा) शिक्का सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त वेळा लागला होता. तुमचं मूल वर्गातलं शेंडेफळ असेल तर आधी शिक्षकांना ते लक्षात आणून द्या.

मग दोन विनंत्या करा, दहा नको, त्यांच्याकडे अजून तीस-चाळीस आहेत. एक, जागा: पुढे, दार-खिडकीपासून लांब, शांत मुलाच्या शेजारी. एकटं कोपऱ्यात नाही, ती शिक्षा वाटते. दोन, एक गुपचूप खूण: शिक्षक जवळून जाताना बाकावर बोट टेकवतील, म्हणजे ‘परत ये’. सगळ्यांसमोर नावाने हाक मारली की मूल परत येतं खरं, पण वर्ग त्याच्याकडे वळतो, काही मुलांना ते आवडायला लागतं आणि काही मिटून जातात.

सावधान: काम अपूर्ण म्हणून सुट्टीत बसवून ठेवत असतील तर नम्रपणे पण नक्की बोला. ज्या मुलाला हालचालीची गरज जास्त त्याचीच हालचाल कापली जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नये.

## टप्पा ४: ‘लक्ष दे’ चं डोळ्याला दिसणाऱ्या कृतीत रूपांतर करा

आता कुठे मुलाशी बोलायचं. ‘लक्ष दे’ ही सूचनाच नाही. लहान मुलाला विचारा, लक्ष देणं म्हणजे काय करायचं? बहुतेक मुलं ‘मस्ती नाही करायची’ म्हणतात. म्हणजे काय नाही करायचं ते माहितीय, काय करायचं ते नाही.

टप्पा १ आणि ३ मधून जी एक जागा सापडली असेल तिच्यासाठी एकच ‘की-मग’ वाक्य बनवा. गणित सुरू करताना सुटत असेल तर ‘बाई वही काढा म्हणाल्या की मी आधी तारीख लिहीन’. ऐकताना सुटत असेल तर ‘बाई बोलायला लागल्या की पेन्सिल खाली, डोळे बाईंकडे’. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा जर-तर योजनांवर बरंच काम केलंय, ‘मी चांगलं करीन’ या ठरवण्यापेक्षा ‘हे झालं की मी ते करीन’ हे जास्त टिकतं. वाक्य मुलाच्या तोंडचं असू दे, तुमच्या भाषेत दिलंत तर पाठ होईल पण वापरलं जाणार नाही.

आणि याहून मोठं, जे मला फार उशिरा कळलं: लक्ष जाणारच. तुमचं नाही का जात मीटिंगमध्ये? जाऊ नये यासाठी झटण्यापेक्षा परत कसं यायचं ते शिकवा. ज्या मुलाचं लक्ष दिवसात वीस वेळा जातं आणि दहा सेकंदात परत येतं ते मूल व्यवस्थित शिकतं. अडचण त्याची, ज्याला भानावर आल्यावर कळत नाही की आता आपण कुठे आहोत, मग घाबरून ते परत खिडकीबाहेर बघतं. त्याला तीन पायऱ्या द्या: फळ्याकडे बघ, शेजाऱ्याच्या वहीवर कुठलं पान उघडलंय ते बघ, तरी कळलं नाही तर हात वर करून विचार, ‘मी कुठे सुरू करू?’ (शिक्षकांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या पायरीला बोलणी बसतील.)

हे तोंडी सांगून होत नाही, खेळून होतं. रोज पाच मिनिटं शाळा-शाळा. पहिले दोन दिवस मूल शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थी. तुम्ही मुद्दाम छताकडे बघा, खोडरबर पाडा, मग एकदम दचकून मोठ्याने म्हणा, ‘अरे, माझं लक्ष गेलं! फळा... शेजारची वही... हां, पान बारा.’ मूल खदाखदा हसतं आणि सगळं टिपतं. तिसऱ्या दिवशी भूमिका उलट करा. तुम्ही गोष्ट वाचताय आणि मध्येच कुणीतरी दारातून जातं, तेव्हा मुलाने परत यायचं, आलं की बाकावर बोट टेकवायचं. बोट टेकवताना चेहऱ्यावर जो रुबाब असतो ना, तो बघण्यासारखा असतो.

चेक: मूल झोपेतून उठल्या उठल्या आपलं ‘की-मग’ वाक्य सांगतं का? सांगत असेल तर ते वर्गात वापरायला तयार आहे.

## टप्पा ५: घरचा सराव, छोटा आणि अपुरा वाटेल असा

जागा आधी. टेबलावर फक्त आत्ताचं काम, बाकी सगळं नजरेआड. अभ्यासाच्या कोपऱ्यात तक्ते, चित्रं, झुंबरं लावून ‘प्रेरणादायी’ करायची हौस असते, ती दुसऱ्या भिंतीवर भागवा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीतल्या मुलांना आळीपाळीने सजवलेल्या आणि मोकळ्या वर्गात शिकवून बघितलं, सजवलेल्या वर्गात जवळपास ३९ टक्के वेळ लक्ष भलतीकडे होतं, मोकळ्या भिंती असताना २८ टक्के, आणि शिकणंही मोकळ्या वर्गात जास्त झालं.

मग वेळ. तुमचा टप्पा १ चा आकडा सहा मिनिटं असेल तर टायमर पाच मिनिटांचा लावा. मूल अजून कामात असतानाच थांबवायचं, इथेच सगळे चुकतात, ‘चाललंय तर चालू दे’ म्हणून पंधरा मिनिटांवर नेतात आणि शेवट रडण्यावर होतो, मुलाला आठवतो तो शेवट. पाच मिनिटं काम, मग दोन-तीन मिनिटं उठून उड्या, परत पाच. दहा दिवस नीट गेले की एक मिनिट वाढवा.

सूचना देताना दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. जवळ जा, नाव घ्या, नजर मिळेपर्यंत थांबा, एकच काम सांगा आणि ‘काय करायचंय सांग बघू?’ असं त्याच्याकडून वदवून घ्या. ‘वही काढ, पेन्सिल शोध, हात धुऊन ये आणि दप्तर जागेवर ठेव’ यातलं शेवटचं फक्त पोचतं.

आणि आपल्यासाठी एक. मूल चित्र काढतंय, गुंग आहे, आपण जाऊन विचारतो ‘पाणी हवं का?’, ‘हे काय, हत्ती का?’, ‘आजोबांना दाखव बघू’. दहा मिनिटांत चार वेळा मी स्वतः माझ्या मुलाची तंद्री मोडलेली मोजलीय. कुठल्याही कामात गुंगलेल्या मुलाला हात लावू नका, तो फुकटचा सराव चाललेला असतो.

रोज तासभर दम लागेल असा खेळ पण हवा, ५ ते १७ वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटना सरासरी दिवसाला ६० मिनिटं सांगते. अभ्यासानंतर वेळ उरला तर खेळ, असं नाही, आधी खेळ.

## टप्पा ६: रोजचं कार्ड

टप्पा ४ चं वाक्य दोन आठवडे घरी खेळून झालं की शाळेसाठी हाताच्या पंजाएवढं कार्ड करा. त्यावर एक ध्येय, फार तर दोन. दिवसाचे तीन भाग पाडा, प्रत्येक भागाच्या शेवटी शिक्षकांनी फक्त बरोबरची खूण करायची, नसेल तर मोकळं सोडायचं, फुली नाही. शिक्षकांचे एकूण तीस सेकंद जायला हवेत, त्याहून जास्त लागलं तर आठवड्यात बंद पडेल, मी स्वतः शिक्षक आहे म्हणून सांगते.

ध्येय ठरवताना आत्ता किती जमतंय ते बघा. तीनपैकी एक भाग जमत असेल तर पहिल्या आठवड्याचं ध्येय एकच. हो, एकच, पहिल्या आठवड्यात मुलाने जिंकलंच पाहिजे. बक्षीस त्याच दिवशी संध्याकाळी आणि लहान: एक जास्तीची गोष्ट, कुठला खेळ खेळायचा ते ठरवायचा मान. ‘वर्षभर चांगला वागलास तर सायकल’ हे सहा वर्षांच्या मुलाला ऐकूच येत नाही.

सावधान: मोकळ्या चौकटीवर भाषण नको. ‘उद्या परत’, एवढंच. आणि मिळालेली खूण दुसऱ्या कुठल्या मस्तीसाठी काढून घेऊ नका, एकदा काढलीत की कार्ड मेलं.

## टप्पा ७: सहा आठवड्यांनी वही परत उघडा

टप्पा १ सारखंच परत तीन दिवस मोजा आणि जुन्या आकड्याशी लावून बघा. थोडं जरी पुढे सरकलं असेल तर तेच चालू ठेवा, नवीन काही घुसवू नका. हललंच नसेल तर आता तज्ज्ञांकडे जायचं, आणि दोन्ही वेळच्या नोंदींची वही, कार्डं घेऊन जायचं, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.

एडीएचडी आहे का हे पाच मिनिटांच्या भेटीत किंवा ऑनलाइन क्विझवर ठरत नाही. लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेतच दिसत असेल तर आधी शाळेत काय चाललंय ते बघा. फक्त वाचन-लेखनालाच लक्ष सुटत असेल तर वाचण्याच्याच अडचणीची तपासणी मागा. आणि निदान झालंच तर सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण हा असतो, तेव्हा गोळ्यांच्या भीतीने तपासणीच टाळू नका.

आधी व्यवस्थित असलेलं मूल महिन्याभरात एकदम हरवल्यासारखं झालं तर सहा आठवडे थांबूच नका. कुणी त्रास देतंय का, घरात काही घडलंय का, शाळेत जायच्या नावाने पोट दुखतं का, हे आधी. हा प्रश्न समोरासमोर बसवून विचारला तर उत्तर मिळत नाही, चालता चालता किंवा झोपायच्या वेळी दिवा घालवल्यावर विचारा.

मोठ्या सुट्टीनंतर पहिले दोन आठवडे आकडा मागे येतो, सगळ्यांचाच. तेव्हा कार्डावरचं ध्येय परत एकावर आणायचं आणि टायमर परत पाच मिनिटांवर.